मुकी सायकल

३ मार्च

प्रिय मामा,

सायकल झाली. चालतेसुद्धा. चालताना लोक आपणहून बाजूला होतात, घंटी वाजवायची वेळच येत नाही.

तू माळ्यावरून काढून दिलेल्या त्या पाच गिअरच्या सांगाड्याचे सगळे गिअर मी उपटून टाकले. मागे एकच फ्रीव्हील, पुढे एकच दातेरी चक्र, आणि चेन तोडून अठ्ठ्याण्णव कड्यांची केली. आठ वर्षं कवळ्या बनवून हात इतका बारीक झालाय की चेनची पिन पहिल्या फटक्यात निघाली. दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुझ्या नखांत हे काळं काय आहे?" मी म्हटलं, "माझं भविष्य." त्यांनी मला हात धुवायला पाठवलं.

आता रड ऐक. चालवली की सतत खर्र-खर्र, कुणीतरी वाळू चावत असल्यासारखी. त्यात मधूनच एक टिक्, अगदी नाजूक. आणि वर एक टक्, जाडसर, मनात येईल तेव्हा येणारी. लहानपणी तुझं बघितलं होतं तसं लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ दातांत धरून टोक सायकलीला टेकवलं. तू डोळे मिटायचास आणि सांगायचास, "मागच्या चाकातली एक गोळी फुटलीय." मला सगळे आवाज एकदमच ऐकू आले आणि ओठाला ग्रीस लागलं ते वेगळंच.

परवा फोन केला होता. मी विचारलं, "मामा, चेन किती ताणू?" तू म्हणालास, "मामी बाजारात गेलीय." मी पुन्हा तेच विचारलं, तर "येईल संध्याकाळी" म्हणून फोन ठेवून मोकळा झालास. हा काय प्रकार आहे?

दिवस थोडे आहेत म्हणून विचारते. तुझ्या लेकाने, दादाने, त्या मोबाईलची कव्हरं विकणाऱ्याला शब्द दिलाय, एक मेपासून तुझं सायकलचं दुकान त्याचं. आणि तू मला अट घातलीस, तुझ्या उस्तादाने तुला घातली होती तीच: स्वतःच्या हाताने बांधलेली एक गाडी, पूर्ण मुकी. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आणायची. मुकी निघाली तर दुकानाची किल्ली माझी, वाजली तर कव्हरवाल्याची. मला ते दुकान हवंय मामा. ज्यांची तोंडं कधी बघितली नाहीत अशा लोकांचे दात बनवून मी कंटाळले. तेव्हा नीट उत्तर दे.

तुझी,
खुळखुळा

*

७ मार्च

खुळखुळ्या,

फोनवर सायकली दुरुस्त होत नसतात. फोनवर लग्नं मोडतात, बस्स. काय असेल ते लिहून पाठवायचं.

तुझं पत्र दोनदा वाचलं. खर्र, टिक्, टक्. शाबास! तू कविता लिहायला घे, सायकल राहू दे. अगं, आवाज कसा आहे ते कुणी विचारलंय? आवाज किती फेऱ्यांनी येतो ते मोज. पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा येत असेल तर दोष पुढे आहे, पेडल, त्याचा दांडा म्हणजे क्रँक, चक्राचे बोल्ट. मागच्या चाकाच्या फेरीला येत असेल तर मागे. दोन्हीला जुळत नसेल तर चेनमध्ये. एवढं मोजून लिही. तुझ्या वाळूबिळूत मला रस नाही.

आणि ती सततची खरखर, ती मोजायचीही गरज नाही. लांब पट्टी घे आणि पुढच्या चक्राला लावून मागे बघ. पट्टी फ्रीव्हीलवर न पडता बाहेर जाणार, बघच तू. पुढचं चक्र तू बाहेरच्या बाजूला बसवलंयस. पाच गिअर होते तेव्हा चेनला तिरपं चालायची सवय होती, आता एकच आहे, तिला सरळ रेषेत चालू दे. चक्र आतल्या बाजूला घे.

मामा

ता. क. मी मामी. ह्यांनी पत्र बंद करायच्या आत लिहितेय. तू केलेली कवळी दिसायला फार सुरेख आहे, शेजारीण विचारत होती कुठून आणली. पण ती तोंडात कमी आणि पेल्यात जास्त असते. का ते विचारू नको, ह्यांच्यासमोर तर मुळीच नको.

*

१२ मार्च

प्रिय मामा,

पट्टी बाहेर गेली. बोटभर! चक्र आत घेतलं आणि खरखर गेली. तुझ्या तोंडात साखर, म्हणजे पेल्यातून कवळी काढलीस तर.

मग मोजायला बसले. सायकल उलटी करून अंगणात ठेवली आणि हाताने पेडल फिरवत आकडे लावले. घरमालकीण खिडकीतून बघत होती. तिने विचारलं, "जप करतेस का गं?" मी हो म्हटलं. तेव्हापासून बरी वागते माझ्याशी.

तर तुझा हिशेब: टिक् पेडलच्या फेरीला जुळत नाही, चाकाच्या फेरीलाही जुळत नाही. पण पेडलच्या सात फेऱ्यांत बरोबर तीनदा येते. पाच वेळा मोजलं, दर वेळी सातात तीन. टक् मात्र मोजता आली नाही, कारण सायकल उलटी असली की ती येतच नाही. लाजाळू आहे.

तुझ्या जपात बुडालेली,
खुळखुळा

*

१६ मार्च

खुळखुळ्या,

पुढच्या चक्राचे दात मोजलेस? बेचाळीस आहेत, मीच ठेवलं होतं ते माळ्यावर. सात फेऱ्या म्हणजे दोनशे चौऱ्याण्णव दात. तुझी चेन अठ्ठ्याण्णव कड्यांची. अठ्ठ्याण्णव त्रिक दोनशे चौऱ्याण्णव. म्हणजे सात फेऱ्यांत चेन तीनदा पूर्ण फिरते आणि तीनदाच टिक् होते. एक कडी अडकलीय. आणि ती कुठली सांगू? जिथे तू चेन तोडून जोडलीस तीच. पहिल्या फटक्यात पिन निघाली म्हणून नाचत होतीस ना, घालतानाही एकाच फटक्यात घातली असणार. ती कडी दोन्ही हातांत धर आणि आडवी वाकव, इकडे एकदा, तिकडे एकदा. मोकळी होईल.

बघितलंस? सायकल इथून दीडशे किलोमीटरवर आहे आणि मी खुर्चीतून उठलोही नाही.

दादा काल येऊन गेला. विमा विकून विकून त्याला सगळीकडे अपघातच दिसतात. म्हणे, "बाबा, परवा मागून ट्रक हॉर्न देत होता आणि तुम्ही रस्त्याच्या मधून चालत होतात." मी म्हटलं, रस्ता ट्रकच्या बापाचा आहे का? तर म्हणे, तुमच्याच्याने आता होत नाही, दुकान बंद झालेलं बरं. माझ्याच्याने होत नाही म्हणे! वरचं गणित त्याला करायला सांग.

मामा

*

२५ मार्च

प्रिय मामा,

कडी सापडली. तीच. वाकवली, मोकळी झाली, टिक् मेली. तुझ्यापुढे हात टेकले बाबा.

आता उरली टक्. हिने मला रडवलंय. पेडल बदलले, क्रँकचे बोल्ट काढून ग्रीस लावून परत घट्ट केले, चक्राचे पाचही बोल्ट आवळले, मागचं चाक काढून पुन्हा बसवलं. बाई जात नाहीत. चढावर जास्त वाजते, सपाटीवर कमी. कधी दोन फेऱ्यांनी, कधी लागोपाठ. तुझ्या मोजणीत ती बसत नाही.

म्हणून मी फोनवर तिचा आवाज रेकॉर्ड करून मामीच्या फोनवर पाठवलाय. आज आधी तो ऐक आणि मग काय ते लिही. रविवारला महिना राहिलाय.

हताश,
खुळखुळा

*

२९ मार्च

खुळखुळ्या,

रेकॉर्डिंग ऐकलं. पूर्ण, शेवटपर्यंत, डोळे मिटून. एवढं सोपं तुला कळू नये याचं आश्चर्य वाटतं. फ्रीव्हील कोरडं पडलंय. आतल्या खिट्ट्या घासतात, त्याचा आवाज आहे, अगदी स्पष्ट. सायकल आडवी कर, फ्रीव्हीलच्या फटीत पातळ तेलाचे दोन थेंब सोड आणि उलटं फिरव. संपलं.

मामा

*

३ एप्रिल

प्रिय मामा,

पोट दुखतंय हसून. चूक माझी. घरमालकीण दुपारी झोपते तेव्हा इतकी घोरते की भिंत हलते, आणि विचारलं तर म्हणते मी कधीच घोरत नाही. म्हणून मी पुरावा म्हणून रेकॉर्ड करून ठेवलं होतं. घाईत मामीला सायकलीऐवजी तेच गेलं!

तर मामा, तिला आडवी करायची गरज नाही, ती आडवीच असते. दोन थेंब तेल नेमकं कुठे सोडू ते सांग. आणि उलटी फिरवायला दोन माणसं लागतील.

खरं रेकॉर्डिंग आता पाठवलंय. ऐक आणि लिही.

तुझी,
खुळखुळा

*

१४ एप्रिल

बाळा,

मी मामी लिहितेय. दहा दिवस झाले, हे उत्तर देत नाहीत, दुकानातही नीट बसत नाहीत. तुझं पत्र वाचून मी मोठ्याने हसले. वर बघितलं तर ह्यांचा चेहरा कागदासारखा पांढरा. तेव्हा आता खरं सांगते, शहाणी असशील तर समजून घे.

ह्यांना ऐकू येत नाही. आजकालचं नाही, लहानपणी कान फुटायचे तेव्हापासूनचं आहे. मला लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलं, म्हणजे बघ किती बेमालूम. माणसांचं बोलणं ओठांवरून ओळखतात. सायकल ओठ हलवत नाही, म्हणून तो स्क्रूड्रायव्हर. दातांतून ह्यांना सगळं स्वच्छ ऐकू जायचं. लोकांना वाटायचं कारागिराची ऐट आहे, गावभर कौतुक. मी आणि हे, दोघांनाच माहीत होतं.

मागच्या जूनमध्ये उरलेले दात काढले आणि तू कवळी करून दिलीस. किती प्रेमाने केलीस गं. पण कवळीत स्क्रूड्रायव्हर धरला की कवळीच खडखडते, पलीकडचं काही येत नाही. पेल्यात काढून ठेवून हिरड्यांनी धरून बघितलं, तेही नाही. दहा महिने हे नुसते डोळ्यांनी आणि मोजून काम करताहेत. तुला वाईट वाटेल म्हणून कळवू दिलं नाही. आणि दादाला कळलं तर तो मे महिन्याचीही वाट बघणार नाही, उद्याच कुलूप लावेल.

म्हणून सांगते, तोंड बंद ठेव. रविवारी सायकल आण, वाजणारी असली तरी आण. हे स्टँडवर चढवतील, फिरवतील, "मुकी" म्हणतील. किल्ली तुझी. ह्यांचीही अब्रू राहील आणि तुझंही काम होईल. कुणाचं काय बिघडतं?

मामी

*

१८ एप्रिल

मामा,

मामीने सांगितलं. तिच्यावर ओरडू नकोस, ओरडलास तर कवळी मी परत घेईन.

मी दोन दिवस कामावर गेले नाही. घरमालकिणीने चहा आणून दिला, म्हणजे बघ. तुझ्या कवळीचा फोटो मी कामाच्या टेबलासमोर लावला होता, इतकी माझी छाती फुगली होती त्या कवळीने. आणि मी काय केलं, तर स्वतःच्या हाताने तुझे कान बंद केले. तू एका शब्दाने बोलला नाहीस. गाढव आहेस तू मामा! घरमालकिणीचं घोरणंसुद्धा दुरुस्त करायला निघालास, पण दहा महिने मला सांगितलं नाहीस.

आमच्या दवाखान्याच्या खालच्या मजल्यावर कानाच्या डॉक्टरीणबाई बसतात. त्यांना विचारलं, नाव न सांगता. त्या म्हणाल्या, दातांतून ऐकू जात असेल तर आतला कान चांगला आहे, वाट फक्त बाहेरची बंद आहे. आवाज हाडातून जातो. दातच लागतो असं नाही, कानामागचं उंचवट्याचं हाड आहे ना, तेही तेच काम करतं. स्क्रूड्रायव्हरची मूठ तिथे दाब आणि बघ. आणि त्यांच्याकडे ये एकदा, उपाय आहेत.

टक् अजून आहे. मी रविवारी येतेय.

खुळखुळा

*

३० एप्रिल

खुळखुळ्या,

रविवारी तोंडाने बोलायला जमलं नाही, म्हणून लिहितो. मध्ये अडवू नकोस.

तुझं ते कानामागच्या हाडाचं पत्र मी चुरगळून फेकलं होतं. पन्नास वर्षं ज्याने दातांनी ऐकलं त्याला कालची पोर शिकवते, म्हणून. मामीने ते उचलून इस्त्री करून ठेवलं, ती बाई तशीच आहे.

रविवारी तू आलीस तेव्हा दादा दारात होताच, कव्हरवाला मोजपट्टी घेऊन कपाटं कुठे बसतील ते मापत होता. मी तुझी सायकल स्टँडवर चढवली, पेडल फिरवलं, हात चेनजवळ धरला. रेघ सरळ, चेनला ताण बेताचा, सगळं काम नीट. ऐकू शून्य आलं, पण ते तर मला इंजिनाचंही येत नाही. तुला ठाऊक होतं की मला ऐकू येत नाही. तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. मामी मागे उभी राहून देवाला हात जोडत होती. मी म्हटलं, "मुकी."

आणि तू काय म्हणालीस? "नाही मामा. स्टँडवर नाही वाजत. मी बसले की वाजते."

खरं सांगतो, त्या क्षणी तुझ्या डोक्यात पाना घालावासा वाटला. किल्ली हातात येत होती गं बये! गप्प बसली असतीस तर जगात कुणाला कळलं नसतं. मला तर नक्कीच नाही.

मग तू त्या स्टँडवरच्या सायकलीवर चढून बसलीस आणि पेडल मारायला लागलीस. कव्हरवाल्याने मान वर केली. दादानेही. सगळ्यांनी ऐकलं, मी सोडून. दादा म्हणाला, "बाबा, तुम्हाला ऐकू आलं नाही?" त्याचे ओठ मला स्पष्ट दिसले. आणि मी "नाही" म्हणालो. जन्मात पहिल्यांदा. वाटलं होतं छप्पर कोसळेल, पण काही झालं नाही.

तू खाली वाकून स्क्रूड्रायव्हर उचललास, टोक सांगाड्याला लावलंस, मूठ माझ्या कानामागे दाबलीस आणि पुन्हा पेडल मारलंस. टक्. मामीला विचार मी किती जोरात ओरडलो ते. "सीटचा दांडा! कोरडा आहे सीटचा दांडा!" तुझी ती टक् चेनची नव्हतीच. सायकल उलटी केलीस की सीटवर कुणी नाही, म्हणून वाजत नव्हती. चढावर तू सीटवर रेटा देतेस, म्हणून जास्त. बुडाखालचा आवाज तू महिनाभर पायाखाली शोधत होतीस. मीही शोधला असता म्हणा.

दहा महिन्यांनी ऐकलेला सायकलीचा पहिला आवाज तो. मी रडलो ते ग्रीस डोळ्यांत गेल्यामुळे नाही, तू सगळ्यांना तसं सांगितलंस त्याबद्दल आभार.

तू गेल्यावर दादा थांबला. कव्हरवाल्याला त्याने आधीच वाटेला लावलं होतं. माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मला ओठ दिसतील असा, आणि म्हणाला, "लहानपणी मी दुकानाच्या दारातून तुम्हाला हाका मारायचो आणि तुम्ही मान वर करायचा नाहीत. मला वाटायचं तुम्हाला मी आवडत नाही." एवढंच बोलला. विमावाला माणूस, पण रडताना हुंदका कसा दिसतो ते मी बघितलं. मी त्याला काय सांगायला हवं होतं ते मी आता रोज थोडं थोडं सांगतो. अंगावर ओरडूनच सांगतो, पण सांगतो.

आता नियमाचं. सायकल वाजली, म्हणजे तू नापास. पण एक गोष्ट मी मामीलाही सांगितली नव्हती. उस्तादाने माझी परीक्षा घेतली तेव्हा माझ्याही गाडीत कटकट होती. ती गेली नाही म्हणून मी क्रँकमध्ये चिंधी कोंबून नेली होती. उस्तादाने स्क्रूड्रायव्हर दातांत धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "मुकी." चिंधीने एवढं झाकलं कसं याचं मला पन्नास वर्षं नवल वाटत होतं. रविवारी उलगडा झाला. तेव्हा म्हाताऱ्याच्या तोंडात एक दात होता का ते मला आठवत नाही, बहुतेक नव्हताच, आणि कानही माझ्यासारखेच असणार. म्हणजे ह्या दुकानात आजवर एकही गाडी खरोखर मुकी झालेली नाही, आणि ते तोंडावर सांगणारी तू पहिलीच.

किल्ली मामीकडे आहे. दादाने स्वतः नेऊन दिली. मंगळवारी मला तुझ्या त्या कानाच्या बाईकडे घेऊन चाललाय. तू नोकरीचा राजीनामा लिहून ये. माझ्या कवळीला दोष देत बसू नकोस, शेंगदाणे फार छान चावले जातात.

सीटच्या दांड्याला ग्रीस मी लावलेलं नाही. ते तुझं काम आहे. घाई करू नकोस.

मामा

ता. क. मी मामी. घाई कर. रविवारपासून हे मला दिवसातून पाच वेळा त्या सायकलीवर बसवतात आणि आपण कानामागे स्क्रूड्रायव्हर लावून खाली बसतात. म्हणतात, "हं, पुन्हा एकदा." आताही बोलावताहेत, जाते. माझे गुडघे दुखायला लागलेत गं, पण उतरते म्हणायला जीव होत नाही.